आधी डावा गाल

आमच्या घरात हशा पिकायचा तो कुणाच्या तरी जिवावर. सगळ्याच घरांत असं हसतात, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनमधल्या एकसारख्या घरांच्या रांगेत आमचं घर होतं. बाबा बिझनेस पार्कातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आई घरी. आई पुण्यात कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा इथे नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे तिची सगळी हुशारी तिच्या जिभेवर येऊन बसली होती. सहा-साडेसहाला आम्ही जेवायला बसायचो आणि जेवता जेवता आई लोकांच्या नकला करायची. शेजारची बाई कुत्र्याशी कसं बोलते, गणपतीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारे गृहस्थ माइक कसा धरतात, बाबांचा साहेब ‘ग्रँड, ग्रँड’ म्हणत काम कसं टाळतो. बाबा ठसका लागेपर्यंत हसायचे. मीही नकला करायला लागले तशी आई माझ्याकडे वळून बघायला लागली. एरवी तिचं माझ्याकडे लक्ष जायचं ते माझं वजन, माझे केस आणि माझे मार्क यांच्यापुरतं. नक्कल जमली की मात्र घास हातात धरून ती म्हणायची, “हुबेहूब!” त्या एका शब्दासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होते. केलंही.

आजी गेली त्याच्या पुढच्या सप्टेंबरात आबाजी, म्हणजे बाबांचे वडील, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. अकोल्याजवळच्या एका गावात ते पोस्टमास्तर होते. धोतर त्यांनी पासष्टाव्या वर्षी सोडलं होतं, पण पँट अजून त्यांच्या अंगावर दुसऱ्याची वाटायची. डोक्याला तपकिरी माकडटोपी, अंगात दोन स्वेटर, त्यावर बाबांचं जुनं जॅकेट. माझी खोली त्यांना दिली गेली. मी बॉक्सरूममध्ये, इस्त्रीचं टेबल आणि चार सुटकेसा यांच्या मधोमध घातलेल्या गादीवर. मला कुणी विचारलं नाही. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि त्या वयात न विचारता खोली काढून घेणं हा गुन्हा असतो, आणि त्याची शिक्षा ज्याला देता येईल त्यालाच द्यायची असते. बाबांना देता येत नव्हती. आईला देण्याची तर माझी हिंमतच नव्हती.

आबाजींना जवारीची भाकर लागायची. आईला भाकरी येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. मग ते स्वतःच पीठ मळायचे, आशियाई दुकानातलं जुनं पीठ, त्याची भाकरी थापता थापता चिरायची, तरी ते नेटाने थापायचे. मिरच्या तव्यावर टाकल्या की जिन्यातला धुराचा अलार्म किंचाळायला लागायचा. आई टॉवेल घेऊन धावायची, आबाजी खाली बसून कान झाकायचे आणि म्हणायचे, “का बाप्पा, इतकुशा मिरचीनं केवढं रडते हे घर!” आज ते वाक्य आठवलं की मला हसू येतं, चांगलं हसू. तेव्हा मी ते वाक्य पाठ करून ठेवलं, जेवताना वापरायला. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’, ‘जाऊन राह्यलो’, ही त्यांची बोली आईच्या कानाला खडे टोचल्यासारखी लागायची. ती त्यांच्या तोंडावर त्यांची वाक्यं दुरुस्त करायची, “मला म्हणायचं आबाजी, मले नाही. केतकी तेच उचलते.” आबाजी मान डोलवायचे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा ‘मले’. बाबा ताटात बघत राहायचे. बाबा स्वतः पुण्यात इंजिनिअरिंगला गेले तेव्हा त्यांनी पहिल्या सहा महिन्यांत ही बोली घासून घासून काढून टाकली होती, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की बापाची नक्कल चालली असताना मुलगा गप्प बसतो, कधीकधी हसतोही.

दिवसभर घरात बसून आबाजींचा जीव कासावीस व्हायचा. दहा वाजता ते बाहेर पडायचे आणि कालव्याच्या कडेने चालत गावातल्या चौकापर्यंत जायचे. तिथे एक चिपर होता, म्हणजे मासे आणि बटाट्याचे तळलेले काप विकणारं दुकान. आयर्लंडमधले असे बरेच चिपर इटालियन घराण्यांचे आहेत. हा ज्यांनी काढला ते गृहस्थ केव्हाच वारले होते, दुकान आता भाचे चालवत होते, आणि त्यांची म्हातारी विधवा वरच्या मजल्यावर राहायची. सगळा गाव तिला सिन्योरा, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा. दुकान दुपारी उघडायच्या आधी ती बाहेरच्या बाकावर बसून शेंगा सोलायची. काळा झगा, काळे मोजे, पांढऱ्या केसांचा इवलासा आंबाडा. आबाजी एक दिवस त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले आणि न सांगता पिशवीतल्या मूठभर शेंगा घेऊन सोलायला लागले. ही त्यांची ओळख. चाळीस वर्षं चिपरच्या गल्ल्यावर बसून सिन्योराला जेवढं इंग्रजी आलं तेवढं तिचं, आणि आबाजींचं पोस्टातलं, एकेक शब्द सुटा सुटा उच्चारलेलं. दोघांचं छान जमायचं. तिचा नवरा कसा गेला, आजी कशी गेली, हे त्यांनी एकमेकांना सांगितलं होतं. आजी कशी गेली ते आमच्या घरात त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी आम्हाला शाळेत नवीन विषय म्हणून इटालियन होतं. एका संध्याकाळी मी सोफ्यावर लोळत असताना आबाजी समोर येऊन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, जणू काही माझ्याच ऑफिसात अर्ज घेऊन आले होते.

“केतके, तुले थे इटालियन शिकवतात ना वं शाळंत? मंग मले सांग, तिकडं मानूस भेटला त काय करतात? हात जोडतात का हात मिळवतात?”

“पहिल्यांदा हात मिळवायचा. ओळख असेल तर गालाला गाल.”

“परक्या बाईच्या? का बाप्पा!” त्यांनी मांडीवरची टोपी फिरवली. “मंग पयले कोनता?”

“डावा. मग उजवा.”

“आपला का तिचा?”

मला सांगता येईना. मी उठून उभी राहिले आणि दाखवलं. पुढे वाकायचं, गालाला गाल जेमतेम लागला पाहिजे, ओठ लावायचे नाहीत, हवेतच बारीक आवाज काढायचा. आबाजींची दाढी खरखरीत होती आणि त्यांना तंबाखूच्या चुन्याचा वास यायचा. आवाज त्यांना काही केल्या बारीक काढता येईना, बैलाला हाकारतात तसा मोठा निघायचा. आम्ही दोघंही हसलो. ती संध्याकाळ मला आजही लख्ख दिसते आणि मी ती मुद्दाम इथे लिहून ठेवते आहे, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला त्यांच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. वाटत होतं. आणि वाटत असतानाच मी ते केलं.

मग रोज एक प्रश्न. दुपारी जेवण झाल्यावर बोंजोर्नो, म्हणजे त्यांचा दिवसाचा नमस्कार, म्हटलं तर चालतं का? वयानं मोठ्या बाईला बरोबरीच्यांसारखं नुसतं ‘चाव’ म्हणावं का? घरात शिरताना आपण ‘हाय का कोनी घरात’ म्हणतो, तसं तिकडं काय म्हणतात? मी सांगितलं, उंबऱ्यावर थांबून ‘पर्मेस्सो’ म्हणायचं आणि आतून ‘या’ आलं की मगच पाऊल टाकायचं. हे त्यांना इतकं आवडलं की आमच्या स्वयंपाकघराच्या दारात, बाथरूमच्या दारात, माझ्याच खोलीच्या दारात ते ‘पर्मेस्सो’ म्हणून थांबायला लागले. मला विचारत असत ते सगळं ते एका जुन्या डायरीत लिहून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी शाळेत मी इटालियनच्या मिसला नेमकं विचारून यायचे, इतकं की मिसला मी तिची सगळ्यात आवडती विद्यार्थिनी वाटायला लागले. आणि संध्याकाळी, आबाजी वर गेले की, मी माकडटोपी घालून जिन्याखाली उभी राहायचे, दोन्ही हात पसरून पुढे वाकायचे आणि म्हणायचे, “पर्मेस्सो, सिन्योरा! मले गाल पाह्यजे!” आई भांडी घासायची थांबायची. “हुबेहूब,” ती म्हणायची, “अगदी हुबेहूब. या वयात हे सुचतं कसं त्यांना? सासूबाईंना जाऊन वर्ष नाही झालं.” जिन्यावर पायांचा आवाज ऐकू आल्यासारखा एकदा मला वाटला होता. मी वर बघितलं नाही.

पण घरातली नक्कल वेगळी आणि गावातली वेगळी. ऑक्टोबरात एकदा मधल्या सुट्टीत आम्ही पाच-सहा मुली चिप्स घ्यायला चौकात गेलो. नीव्ह नावाची माझी मैत्रीण होती. तिच्याभोवती सगळा वर्ग फिरायचा आणि तिने मला नुकतंच जवळ केलं होतं. आम्ही कोपऱ्यावरून वळलो तेव्हा आबाजी बाकावरून उठत होते. त्यांनी टोपी काढली, सिन्योराच्या खांद्यांना हात लावला, आधी डावा गाल, मग उजवा, आणि दोन्ही वेळा तो बैल हाकारण्याचा आवाज अख्ख्या चौकात घुमला. सिन्योरा हसून हसून लाल झाली. नीव्ह जागच्या जागी थांबली. “तो माणूस तुझा आजोबा ना गं?” ती म्हणाली. मी ‘नाही’ म्हणाले. त्याच क्षणी आबाजींनी मला पाहिलं आणि हात उंच करून ओरडले, “केतके! पाह्य, जमलं मले!”

पुढचे तीन आठवडे शाळेत मी दिसले की कुणीतरी तो आवाज काढायचं. वर्गात शिरताना, जिन्यात, बाथरूमच्या बंद दाराबाहेर. लग्न कधी आहे, चिप्स फुकट मिळतील का, नवी आजी मिशा काढते का. नीव्ह सगळ्यात छान आवाज काढायची, मला लगेच ओळखू आलं, कारण चांगली नक्कल कशी असते हे मला घरी शिकवलं होतं. मला नीव्हचा राग यायला हवा होता. मला आबाजींचा आला. इतका, की त्यांच्या जेवणाचा आवाज मला सहन होईना. ते बाकावर जायचे बंद झाले पाहिजेत, एवढी एकच गोष्ट माझ्या मनात होती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मिसने इटलीतल्या मृतांच्या दिवसाबद्दल सांगितलं. सगळी माणसं त्या दिवशी कबरस्तानात जातात आणि शेवंतीची फुलं वाहतात. म्हणून शेवंती तिकडे फक्त मेलेल्यांची. जिवंत माणसाला, त्यातून आजाऱ्याला शेवंती देणं म्हणजे त्याला लवकर जा म्हणण्यासारखं, असं ती म्हणाली, आणि ही चूक परदेशी माणूस हमखास करतो, म्हणून तिने आम्हाला ते वहीत लिहायला लावलं. मी लिहिलं. खाली रेघही मारली.

त्याच आठवड्यात सिन्योरा जवळच्याच नास नावाच्या गावी तिच्या मुलीकडे राहायला गेली असताना पायऱ्यांवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तिला तिथल्याच हॉस्पिटलात ठेवलं. आबाजींना भाच्याकडून कळलं. ते दोन दिवस भाकरी न करता आईने दिलेली पोळी मुकाट्याने खात होते. तिसऱ्या दिवशी ते माझ्या बॉक्सरूमच्या दारात येऊन उभे राहिले. पर्मेस्सो म्हणाले नाहीत.

“शनिवारी नासले जाऊ का वं आपन? मले त्या बसचं समजत नाई.” मग जरा पुढे येऊन, “दवाखान्यात रिकाम्या हातानं कसं जा? फळं त तिची पोरगी आनतच असन. त्या मोठ्या दुकानात शेवंती भेटते, मी पाह्यली. आपल्याकडच्यासारखी, टपोरी. इटलीत शेवंती चालते का? इचारलेलं बरं. आपल्याकून काई उलटं नको व्हाले.”

त्यांनी विचारलं होतं. मी हे पुन्हा लिहिते, त्यांनी विचारलं होतं. अजाणता हातून घडलं असं म्हणायची सोय त्यांनी मला ठेवली नाही.

“चालते ना,” मी म्हणाले. “आजारी माणसाला तर खास शेवंतीच देतात.”

“पिवळी घेऊ?”

“पांढरी घ्या. पांढरी जास्त चांगली समजतात.”

त्यांनी डायरी काढली आणि लिहून घेतलं.

शनिवारी त्यांनी दाढी केली, बाबांचा निळा शर्ट इस्त्री करून घातला, टोपी घरी ठेवली. दुकानात त्यांनी पांढऱ्या शेवंतीचे तीन जुडगे एकेक फूल तपासून निवडले, सुकलेल्या पाकळ्या बसस्टॉपवर उभं राहून खुडल्या. बसमध्ये जुडगे मांडीवर उभे धरून बसले होते, कुणाचा धक्का लागू नये म्हणून कोपर बाहेर काढून. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं की झोपलेल्या माणसाच्या गालाला गाल लावायचा असेल तर वाकायचं कुठून. मी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं. तेव्हाही मला थांबवता आलं असतं. अर्ध्या तासाचा रस्ता होता.

सिन्योराच्या खोलीत चार खाटा होत्या आणि तिची खिडकीपाशी होती. काळ्या झग्याशिवाय ती ओळखू येत नव्हती. तिची मुलगी क्लाउडिया शेजारी बसली होती, पन्नाशीची, जन्मापासून इथलीच, डब्लिनच्या खणखणीत इंग्रजीत बोलणारी. आबाजी पडद्यापाशी थांबले. जुडगे पाठीमागे लपवले आणि हळूच म्हणाले, “पर्मेस्सो?” सिन्योराने मान वळवली. तिचा चेहरा असा काही फुलला की क्लाउडियासुद्धा हसली. आबाजी आत गेले, बरोबर बाजूने वाकले, आधी डावा गाल, मग उजवा, आणि पहिल्यांदाच आवाज अगदी बारीक निघाला. मग त्यांनी दोन्ही हातांनी, आपण देवापुढे ठेवतो तशी, ती फुलं तिच्या पांघरुणावर छातीपाशी ठेवली.

सिन्योराने फुलांकडे पाहिलं, मग आबाजींकडे. तिचा हात पांघरुणाखालून निघाला आणि खाटेच्या लोखंडी दांडीला घट्ट धरून बसला. इटालियन माणूस अपशकुन टाळायला लोखंडाला हात लावतो, तेही मला शाळेत शिकवलं होतं. दुसऱ्या हाताने ती फुलं ढकलायला बघत होती, पण त्या हाताला सलाइन लावलेलं होतं आणि तो नीट उचलत नव्हता. ती आवाज न करता रडायला लागली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आबाजी दोन्ही हात तसेच पुढे धरून उभे होते.

क्लाउडियाने फुलं उचलली आणि मला दंडाला धरून बाहेर पॅसेजमध्ये आणलं. “चेष्टा करतोय का तो?” ती म्हणाली. “आधीच ती रोज विचारते, मी मरणार का म्हणून. तू इटालियन शिकतेस ना? आईने सांगितलंय मला, नात सगळं शिकवते म्हणून. तुला माहीत नव्हतं?”

आबाजी आमच्या मागून बाहेर आले होते, दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत, जे त्यांना कधीच कळत नाही असं आमच्या घरात सगळे धरून चालायचो, भराभर म्हणाले, “मी सांगितलं होतं त्यांना. नका नेऊ म्हणाले होते. ते कुणाचं ऐकत नाहीत. जरा तसेच आहेत ते.” आणि कपाळाशी बोट नेलं.

क्लाउडियाने आबाजींकडे पाहिलं, आणि तिच्या रागाची कीव झाली. “घरी घेऊन जा त्यांना,” ती म्हणाली. “आणि परत आणू नकोस.” तिने फुलं पॅसेजमधल्या कचऱ्याच्या डब्यात कोंबली. ती मावली नाहीत, देठं वर राहिली. आम्ही त्या डब्याच्या शेजारून बाहेर पडलो.

बसमध्ये आबाजी कोपर आत घेऊन बसले होते. रिकामे हात मांडीवर होते. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “काय म्हने वं तिची पोरगी?”

“तुम्ही वाकताना तिला धक्का लागला. दुखलं म्हणाली.”

“असं.” थोड्या वेळाने, “फुलाचं नाई ना काई?”

“नाही. फुलं आवडली. भांड्यात ठेवायला नेली.”

ते माझ्याकडे वळले आणि बघत राहिले. रागाने नाही. पत्त्यावरचं नाव पुसट झालेलं पाकीट हातात आलं की पोस्टमास्तर बघत असेल, तसं काहीसं. खरं काय ते माझ्या तोंडाशी आलं होतं, अगदी दातांपर्यंत. मी ते गिळलं. आमचा स्टॉप आला तेव्हा ते दांडीला धरून उठले, बाजूला झाले आणि मला पुढे जायला जागा करून देत म्हणाले, “उतरा. आपला स्टॉप आला.”

उतरा. मला वाटलं, चुकून आलं तोंडात. घरी जेवताना ते म्हणाले, “थे मीठ देता का जरा?” आई आणि बाबा दोघंही थांबले. “कुणाला म्हणताय आबाजी?” आईने विचारलं. “ह्याईले,” त्यांनी माझ्याकडे मान केली. आईला हसू आवरेना. “अगं बाई, नातीला अहोजाहो! बघितलंस केतकी, आयर्लंडचं पाणी लागलं शेवटी.” बाबाही हसले. मी मीठ दिलं. दुसऱ्या दिवशी ‘तुमची शाळा कितीले सुटते’, तिसऱ्या दिवशी ‘तुमी बसा, मी उठतो’. बाकीच्यांशी त्यांचं नेहमीचं बोलणं चालू होतं, आईला ते ‘सूनबाई, तू’च म्हणायचे. फक्त माझ्यापुरते ते बदलले होते, परक्या घरी पाहुणा गेलेला माणूस वागतो इतके नीट. मला एकही प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. ते चौकातही गेले नाहीत. शाळेतला आवाज आठवडाभरात थांबला. मला हवं ते सगळं मिळालं होतं.

तिकीट डिसेंबरच्या मध्याचं होतं. त्यांनी बाबांना सांगून ते नोव्हेंबरअखेरचं करून घेतलं, थंडी बाधते म्हणून. विमानतळावर आईने त्यांना वाकून नमस्कार केला, तिला त्यांनी आशीर्वाद दिला. मग मी पुढे झाले आणि वाकले. माझे हात जमिनीला लागले. त्यांनी दोन्ही पाय मागे घेतले होते.

“राहू द्या,” ते म्हणाले. आई-बाबा ट्रॉलीवरून सामान काढत होते. आबाजी खाली वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, “तुमचं इंग्रजी समजते मले. तीस वर्सं दुसऱ्याइच्या तारा वाचल्या मी.” मग सरळ उभे राहिले, हात जोडले आणि पाहुण्याने यजमानाचा निरोप घ्यावा तसा माझा निरोप घेतला.

सिन्योरा त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली. क्लोनडॉकिनच्या त्या चिपरच्या खिडकीत काळी चौकट लागली तेव्हा मी फोनवर आबाजींना सांगावं असं बाबांना वाटलं, इटालियन तूच शिकवलंस त्यांना, म्हणाले. मी सांगितलं. मग ते म्हणाले, “सांगितलं हे बरं केलं तुमी.”

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. दर रविवारी फोन व्हायचा. “बऱ्या हाव ना तुमी?” “हो आबाजी.” “अभ्यास? नोकरी?” “चालू आहे.” “द्या, बाबाले द्या.” आमच्याकडे त्यांचं मला अहोजाहो करणं हा एक कौतुकाचा किस्सा होऊन बसला होता. आई तो पाहुण्यांना सांगायची, त्यांच्या आवाजात, आणि मग माझ्याकडे बघायची, मी पुढचं वाक्य घ्यावं म्हणून. मी नकला करणं सोडलं होतं. काय झालं हिला, असं ती एक-दोनदा म्हणाली, मग तिनेही सोडून दिलं.

सव्विसाव्या वर्षी मी एकटी अकोल्याला गेले. नोकरीतून पंधरा दिवसांची रजा काढली होती आणि तीन मिनिटांचं बोलणं पाठ केलं होतं. ते ओसरीत सतरंजीवर बसून ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होते. खूप वाळले होते, कानाला यंत्र लागलं होतं. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, मिसने शिकवलेलं, वहीतली रेघ, पांढरी घ्या म्हणाले ते, पॅसेजमधलं बोट. रडत रडत सांगितलं, अर्धं इंग्रजीत. त्यांनी ऐकून घेतलं. मध्ये एकदा यंत्र नीट केलं, एक शब्दही सुटू नये म्हणून.

“मले मालूम हाय,” ते म्हणाले. “थे बाई काई फुलानं नाई मेली. म्हाताऱ्या मानसाचं हाड मोडलं का तसंच होते. थे तुमी मनात ठेवू नका.”

“मला माफ केलंत?”

“तवाच केलं. बसमधून उतरायच्या आधी.”

“मग मला ‘अहो’ नका ना म्हणू आबाजी. एकदा ‘केतके’ म्हणा. एकदाच.”

त्यांच्या हातातला घाटा तसाच राहिला. त्यांनी खरंच प्रयत्न केला. मी बघत होते, त्यांचे ओठ हलले, पुन्हा हलले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, ते त्यांनी मनगटाने पुसलं. मग त्यांनी मान हलवली.

“थे आता नाई जमत मले,” ते म्हणाले, आणि सोललेल्या हरभऱ्याची वाटी दोन्ही हातांनी माझ्यापुढे सरकवली. “घ्या ना. तुमी काई घेतलंच नाई.”